फायरप्लेस नव्याने करताना: नाशिकच्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं

देवळाली कॅम्पातले जुने कौलारू बंगले, गंगापूर रोडवरची अलीकडची घरं आणि गिरणारे-त्र्यंबकेश्वरच्या बाजूची फार्महाऊस या तिन्हीकडे फायरप्लेस असतात आणि तिन्हीकडची दुखणी वेगळी असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो, "समोर कोणता दगड लावू?" आमचं सांगणं असं की दगड शेवटी निवडा. आधी धुराडं, मग आतली भट्टी (जिथे आग जळते ती जागा), मग समोरचा भाग. पैसाही याच क्रमाने खर्च करा. खालची उत्तरं त्याच क्रमाने लिहिली आहेत, मधे मधे थोडं इकडे-तिकडे झालं असेल.

नाशिकच्या थंडीला फायरप्लेस खरंच लागते का?

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री आणि पहाटे नक्की उपयोगी पडते. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, शहरात १० च्या खाली जाणं तर दर वर्षीचंच. पण दुपारी ऊन तापतं आणि घरही तापतं. म्हणजे आपला वापर संध्याकाळचे तीन-चार तास, तोही दोन-अडीच महिने. तेवढ्यासाठी काय करायचं हे आधी ठरवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातली ढोबळमानाने दहा टक्केच ऊब खोलीला मिळते, बाकी धुराड्यातून वर जाते. शिवाय आग खोलीतली हवा ओढून घेते, तिच्या जागी दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. त्यामुळे समोर बसलेल्याला शेक लागतो आणि मागच्या खोलीत आजी कुडकुडत असते. सगळं घर गरम करायचं असेल तर उघडी फायरप्लेस हा मार्ग नव्हे. चार माणसांनी एकत्र शेकत बसायचं असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, आणि एवढ्या कारणासाठी खर्च करणं आम्हाला अजिबात गैर वाटत नाही.

आमच्या बंगल्यातली फायरप्लेस कित्येक वर्षं बंद आहे. सुरुवात कुठून करू?

पेटवून बघू नका. आधी छपरावर माणूस पाठवा.

धुराड्याच्या माथ्यावर बहुतेक वेळा पिंपळ किंवा वडाचं रोप सापडतं. पक्ष्यांनी टाकलेलं बी चुन्याच्या सांध्यात रुजतं आणि मुळं आत उतरून विटांचे थर हलवतात. वरून रोप उपटलं की दोन पावसाळ्यांत तिथूनच पुन्हा फुटतं, म्हणून मुळं जिथवर गेली आहेत तिथवरचे थर उतरवून पुन्हा रचावे लागतात. माथ्याच्या कोब्याला तडे आहेत का, कौलं धुराड्याला भिडतात तिथला पत्रा गंजला आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

मग खाली. आत डोकं घालून टॉर्च वर मारा. भट्टीच्या तोंडाच्या वर धुराडं अरुंद होतं, त्याला गळा म्हणतात, आणि त्याच्या मागे एक आडवा कट्टा असतो. वर्षानुवर्षांची राख, पारव्यांची घरटी, वाळलेली विष्ठा, सुटून पडलेले विटांचे तुकडे, सगळं त्या कट्ट्यावर साचतं. बादल्या भरून माल निघतो. नाकातोंडाला चांगला मास्क लावा, पारव्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट. मोहोळ असेल तर धूर करून हुसकायला जाऊ नका, मोहोळ काढणाऱ्या माणसाला बोलवा.

मोकळं झालं की सांधे तपासा. घराची किल्ली घ्या आणि दोन विटांमधल्या चुन्यावरून ओढा. पांढरी रेघ उमटून चुना जागेवर राहिला तर बरं. वाळूसारखा भुरभुर गळायला लागला तर त्या फटीतून धूर आणि ठिणग्या भिंतीत शिरतील, आणि भिंतीच्या पलीकडे जुन्या सागवानाच्या तुळया टेकलेल्या असतात. असे सांधे खरवडून नव्याने दर्जा (सांध्यांतला मसाला) भरल्याशिवाय आग नको.

शेवटी उदबत्ती. तोंडाच्या वरच्या कडेखाली ती धरा, सकाळी, गार हवेत. धूर सरळ आत खेचला गेला तर धुराडं मोकळं आहे. घुटमळून खोलीत आला तर पुढचं उत्तर वाचा.

पेटवली की धूर खोलीत भरतो. हे कशामुळे होतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि कारणं सहसा चार.

पहिलं कारण मापाचं. तोंडाचं क्षेत्रफळ आणि धुराड्याच्या पोकळीचं क्षेत्रफळ यांचं नातं असतं. चौकोनी पोकळी तोंडाच्या निदान एक-दशांश हवी, गोल पाइप असेल तर एक-द्वादशांश चालतो. हिशोब करून बघा. तोंड ९० सेंटीमीटर रुंद आणि ७० उंच असेल तर ६३०० चौरस सेंटीमीटर होतात, म्हणजे पोकळी साधारण २५ बाय २५ हवी. जुन्या बंगल्यात नऊ इंच बाय नऊ इंचाची पोकळी असेल तर तिला ७५ बाय ७० चं तोंड झेपतं, त्याहून मोठं नाही. फार्महाऊसवर नेमकी इथेच गफलत होते. चार फुटी देखणं तोंड बांधतात आणि वर सहा इंची पाइप लावतात. सहा इंची पाइपला दीड फूट बाय दीड फुटाचं तोंड पुरेसं होतं. बाकीचा धूर जाणार कुठे? खोलीत.

यावर धुराडं पाडायची गरज नसते. तोंड लहान करा. बाजूंनी विटांचा एकेक थर आत घ्या, खालून तळ उचला किंवा वरच्या कडेला चार-सहा इंचांची पट्टी खाली आणा. पट्टी पक्की करण्याआधी जाड पत्र्याचा तुकडा तात्पुरता धरून छोटी आग लावून बघा. ज्या उंचीवर धूर थांबतो ती तुमची उंची.

दुसरं कारण धुराड्याची उंची. छपरातून जिथे बाहेर निघतं तिथून निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या परिघात जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट वर, हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा नियम आहे. आपल्याकडे या दहा फुटांत नंतर बसवलेली पाण्याची टाकी किंवा सोलरचा बंब येतो आणि काल चांगलं ओढणारं धुराडं आज ओढेनासं होतं. एकमजली घरात धुराड्याची एकूण उंचीही कमी पडते. भट्टीपासून माथ्यापर्यंत पंधरा फूट मिळाले तर ओढ चांगली लागते.

तिसरं कारण स्वयंपाकघर. हॉल आणि किचन एकत्र असेल आणि किचनची इलेक्ट्रिक चिमणी चालू असेल तर ती तासाला हजार घनमीटरच्या आसपास हवा बाहेर फेकते. खिडक्या बंद असतील तर ती हवा येणार कुठून? फायरप्लेसच्या धुराड्यातून, धुरासकट, उलटी. आग पेटलेली असताना चिमणी आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे बंद ठेवा आणि एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा.

चौथं कारण हवेचं. धुराडं ओढतं ते आतल्या गरम आणि बाहेरच्या गार हवेतल्या फरकामुळे. नाशिकला दुपारी तो फरकच नसतो. संध्याकाळीसुद्धा बाहेरच्या भिंतीतलं धुराडं गार पडलेलं असतं, त्यातली जड हवा खाली बसलेली असते. लाकूड पेटवण्याआधी वर्तमानपत्राचं एक पान पिळून पेटवून गळ्याजवळ धरा, आतली हवा गरम होऊन वर सरकली की मग लाकडाला काडी लावा. डॅम्पर, म्हणजे धुराडं उघड-बंद करणारी झडप, उघडा आहे ना हेही बघा. हसू नका, पाहुणे जमले की हमखास विसरतं.

भट्टीचा आकार बदलून ऊब वाढते का?

वाढते, आणि हा या सगळ्या कामातला सर्वांत समाधान देणारा भाग आहे. काउंट रुमफोर्ड या शास्त्रज्ञाने १७९० च्या दशकात लंडनमधल्या फायरप्लेस सुधारल्या. त्याने भट्टी उथळ केली, दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर पसरत्या केल्या आणि गळा अरुंद केला. कारण साधं आहे. उघड्या आगीची ऊब खोलीत येते ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे आग आणि तापलेल्या विटा जितक्या "दिसतील" तितकी. खोल पेटीसारख्या भट्टीत बाजूच्या भिंती एकमेकींनाच तापवत बसतात.

जुनी भट्टी खोल आणि काटकोनी असेल तर आतून नवं अस्तर बांधताना बाजू पसरत्या घेता येतात. बाहेरची चौकट, नक्षी, कोनाडे, कशालाही हात लावावा लागत नाही. तोंडाच्या वरच्या कडेपासून गळा निदान आठ इंच वर ठेवा. तो कडेलाच आणला तर धूर पुढे सांडतो.

आत कोणत्या विटा लावायच्या? साधी वीट आणि सिमेंट चालेल का?

नाही. सिमेंटमधला जो घटक त्याला घट्ट धरतो तो चारशे-साडेचारशे अंशांच्या पुढे पाणी सोडून फुटतो. लाकडाच्या आगीत एवढं तापमान सहज गाठलं जातं. दोन हिवाळ्यांत सांधे गळायला लागतात.

फायर ब्रिक वापरा, आणि सांध्याला फायर क्लेचं मिश्रण. दुकानात 'आयएस सहा' आणि 'आयएस आठ' अशा दोन प्रती मिळतात. घरगुती लाकडाच्या आगीला 'आयएस सहा'ही पुरते, 'आठ' जास्त ताप सोसते. नेहमीचं माप २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटर. मध्यम आकाराच्या भट्टीला, म्हणजे ६० सेंटीमीटर रुंद पाठ, ५० खोल बाजू आणि ७५ उंची धरली तर, तळासकट सुमारे ८० विटा लागतात, तूट-फूट धरून ९० घ्या. सांधा जितका बारीक तितका चांगला, तीन मिलिमीटरच्या आत. जाड सांधा घातला की गवंड्याचं काम झटपट होतं, पण पहिला तडा तिथेच जातो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत भट्ट्या आहेत, त्यामुळे हा माल नाशिकला शोधावा लागत नाही. शोधावा लागतो तो गवंडी. बेकरीच्या किंवा फरसाणाच्या भट्ट्या बांधणारा माणूस मिळाला तर त्याला प्राधान्य द्या, टाइल बसवणाऱ्याला नको. तापलं की वीट फुगते आणि तिला सरकायला जागा लागते हे त्याला हाताने ठाऊक असतं. नवं अस्तर आणि जुनी भिंत यांच्यात तो थोडी फट ठेवेल. ती बुजवायला सांगू नका.

बाहेरची बाजू चुन्यातली असेल तर तिथली दुरुस्ती चुन्यातच करा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते आणि पोपडे धरतात.

नाशिकचा काळा दगड आगीत टिकतो ना? ज्वालामुखीतूनच तर आलाय.

आला आहे खरा, पण थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट नावाची खनिजं वाढली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे सुंदर नमुने बघायला मिळतात. या खनिजांच्या रचनेतच पाणी असतं, तापलं की ते वाफ होऊन सुटतं. अशा पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा जाळीदार दगड भट्टीच्या आत लावला आणि वर तो खाणीतून ओलाच आला असेल, तर कपचे उडतात. डोळ्याला लागेल असे.

म्हणून काळा दगड बाहेर लावा, आत नाही. चौकटीला, पायरीला, पुढच्या कट्ट्याला तो उत्तम. घट्ट, एकजीव, ठिपके नसलेला निवडा. छिन्नीने टाकीचं काम केलेला पृष्ठभाग आगीच्या उजेडात जो दिसतो तो पॉलिश केलेल्या दगडाला कधी येत नाही, असं आमचं मत.

कडप्पा, ग्रॅनाइट, टाइल, पीओपी?

कडप्पा थरांचा दगड आहे, आगीजवळ पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ जास्त तापमानाला एकदम फुगतो, म्हणून तोंडाच्या अगदी कडेला नको, लांब चालेल. टाइल चालते, पण चिकटवायला उष्णता सोसणारा अॅडहेसिव्ह घ्या. पीओपी तोंडाजवळ अजिबात नको, तापलं की त्याची भुकटी होते.

वाडा पाडला तेव्हाची सागवानी तुळई जपून ठेवली आहे. ती वरती फळी म्हणून लावायची आहे.

जरूर लावा. अंतर मात्र पाळा. तोंडाच्या कडेपासून सहा इंचांत कुठलंही लाकूड नको. सहा ते बारा इंचांच्या पट्ट्यात लावलंच तर भिंतीबाहेर फार कमी आलेलं हवं, दर इंच अंतराला अष्टमांश इंच इतकंच. तुळई जाड असते, बाहेर येणारच, म्हणून ती तोंडापासून बारा इंचांच्या वर घ्या. आम्ही अठरा सुचवतो, कारण जुनं सागवान वाळून कोरडंठक्क झालेलं असतं. वार्निशचा जाड थर देऊ नका, जवसाचं तेल पुरे.

लाकडाबद्दल आणखी एक. धुराडं कौलारू छपरातून जातं तिथे वासे आणि रिपा विटांना चिकटलेल्या असतात. दुरुस्ती करताय तर तिथे दोन इंचांची मोकळी जागा करून घ्या. घराला आग या दडलेल्या जागेतूनही लागू शकते.

फायरप्लेसच्या वर टीव्ही लावू का?

नको. बहुतेक टीव्ही चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि मान वर करून बघावं लागतं ते वेगळंच. समोरासमोरच्या भिंतींवर दोघांना वेगळं ठेवा.

काचेचं दार किंवा लोखंडी स्टोव्ह आत बसवला तर?

ऊब आणि लाकडाची बचत हवी असेल तर हाच खरा उपाय. बंद लोखंडी स्टोव्ह लाकडातली साठ ते ऐंशी टक्के ऊब खोलीला देतो. जुन्या तोंडात तो बसवायचा आणि त्याचा पाइप धुराड्यातून थेट माथ्यापर्यंत न्यायचा. पाइप अर्ध्यावर सोडून "धुराडं आहेच की" म्हणू नका. मोठ्या पोकळीत धूर थंड होतो आणि त्यातलं डांबर भिंतीला चिकटतं. पाइप स्टेनलेस स्टीलचा घ्या. जुने सिमेंटचे अॅसबेस्टॉस पाइप काही घरांत अजून आहेत, ते आगीला योग्य नाहीत. ते फोडू-कापू नका, जाणकाराकडून अखंड उतरवून घ्या.

काच सिरॅमिकची हवी. दुकानाच्या दाराला लावतात ती टफन्ड काच इथे टिकत नाही.

उघड्या आगीचा तडतडाट आणि वास हवा असेल तर स्टोव्ह तुम्हाला आवडणार नाही. हा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्यावा.

कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिथे विटांची फायरप्लेस होईल का?

नाही. दीड घनमीटर वीटकाम म्हणजे जवळपास तीन टन वजन. घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वापराचा भार धरून काढलेला असतो. शिवाय धुराडं वरच्या शेजाऱ्यांच्या घरातून जाणार का?

फ्लॅटसाठी इलेक्ट्रिक फायरप्लेस सर्वांत सरळ. दीड किलोवॅटची चार तास चालवली तर सहा युनिट पडतात. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट द्या, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. बायोइथेनॉलचे बर्नरही मिळतात, त्यांना धुराडं लागत नाही. पण ती उघडी ज्योत असते, खोलीतला प्राणवायू वापरते, आणि गरम बर्नरमध्ये पुन्हा इंधन ओतताना भडका उडतो. लहान मुलं असलेल्या घरात आम्ही ते सुचवत नाही.

गॅसची चालेल का?

स्वतंत्र बंगल्यात, धुराडं मोकळं असेल आणि कंपनीचं तयार युनिट अधिकृत माणसाकडून बसवणार असाल तर चालेल. शेगडीचा बर्नर खोट्या लाकडांखाली ठेवून केलेला जुगाड चालणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर भट्टीच्या खोलगट तळाशीच साठून राहतो.

कार्बन मोनॉक्साइडची एवढी भीती कशाला? धूर तर दिसत नाही.

दिसत नाही आणि वासही येत नाही, म्हणूनच. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या आपण वाचतो. फायरप्लेसमध्येही धोका सर्वांत जास्त असतो तो ज्वाळा विझून नुसते निखारे उरतात तेव्हा, कारण ऊब जाऊ नये म्हणून लोक नेमका तेव्हाच डॅम्पर लावतात. निखारे पूर्ण विझेपर्यंत डॅम्पर उघडा ठेवा. खोलीत आणि झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, एवढ्या खर्चात तो सहज बसतो. या एका मुद्द्यावर आम्ही कुणाचंही ऐकत नाही. अलार्म नसेल तर काम पूर्ण झालं असं आम्ही मानत नाही.

परवानगी लागते का?

आतलं अस्तर, दर्जा भरणं, समोरचा दगड ही दुरुस्ती झाली. नवं धुराडं, छपराबाहेरची वाढ, भिंत पाडणं म्हणजे बांधकाम झालं. शहरात महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा, देवळाली कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डात. कॅम्पातले काही जुने बंगले ओल्ड ग्रँटच्या जमिनीवर आहेत, तिथे जमीन सरकारची असते आणि रचनेतल्या बदलाला आधी लेखी मंजुरी घ्यावी. काम सुरू करून मग विचारायला गेलात तर मनस्ताप ठरलेला.

फायरप्लेस काढूनच टाकली तर?

काढता येते. पण खालची भट्टी पाडून वरचं धुराडं तसंच ठेवायचं, हे कधीही करू नका. वरचे कित्येक क्विंटल वीटकाम त्या खालच्या भागावरच उभं असतं. पाडायचं तर माथ्यापासून खाली उतरत या. वापरायची नाही पण पाडायचीही नाही असं असेल तर माथ्यावर टोपी घाला, खाली जाळीची छोटी झडप ठेवा म्हणजे आत हवा खेळेल आणि ओल धरणार नाही. तोंडात दिव्यांची सोय करून दिवाळीत पणत्या मांडलेलं एक घर आम्ही पाहिलं आहे, छान दिसतं.

लाकूड कोणतं आणि कुठून?

बाभूळ सर्वांत चांगली. जड, हळू जळणारी, निखारा धरून ठेवणारी. सुबाभूळ आणि सुरूही चालतात. आंबा लवकर जळून जातो, पेटवणासाठी ठीक.

पण जात दुय्यम आहे, महत्त्वाचा आहे तो कोरडेपणा. लाकडात पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आत हवं. ओलं लाकूड आपली बरीच आग स्वतःला वाळवण्यात घालवतं, आणि थंड धुरातलं डांबर धुराड्यात साठतं. दिवाळीत वखारीतून आणलेलं लाकूड बहुतेक वेळा पावसात भिजलेलं असतं. ते मार्च-एप्रिलमध्येच घ्या, फोडून ठेवा, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या अशी रास लावा. दोन ओंडके एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजले तर वाळले, थप्प आवाज आला तर थांबा.

द्राक्षाच्या काड्यांबद्दल दर वर्षी विचारणा होते. एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधावर ढीग पडलेले असतात, फुकट मिळतात, आणि भडकन पेटतात. आमचा सल्ला, घरातल्या आगीत नकोत. त्या काड्यांवर वर्षभर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण), गंधक आणि इतर फवारण्या झालेल्या असतात. बोर्डोतलं तांबं जळून नाहीसं होत नाही, ते राखेत आणि धुरात उतरतं. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, एमडीएफ आणि रेल्वेचे जुने स्लीपर हेही वर्ज्य. आणि शहरात अंगणातलं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्या, मग ते स्वतःच्या जागेत का असेना.

पावसाळ्यात आतून पाणी गळतं. धुराडं बंद करू का?

बंद नको, टोपी घाला. चार पायांवर उभी, बाजूंनी जाळी असलेली स्टेनलेस स्टीलची टोपी पाऊसही अडवते आणि पारवेही. टोपी आणि माथा यांत पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर ओढ मरते. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे पाऊस आडवा येतो, तिथे टोपी रुंद घ्यावी. गळती मात्र बऱ्याचदा धुराड्याच्या वरच्या तोंडातून नसतेच, कौलं आणि विटा मिळतात त्या सांध्यातून असते. तिथला पत्रा विटांच्या सांध्यात खोचून घ्या, नुसता डांबराने चिकटवलेला उन्हाळ्यात सुटतो.

काम कधी काढावं आणि खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

तपासणी आणि छपरावरची कामं एप्रिल-मेमध्ये. आतलं अस्तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे चुना आणि फायर क्ले सुकायला वेळ मिळतो. फायर क्लेवर पाणी मारायचं नाही, ते सावलीत आपोआप सुकू द्यायचं. पहिल्या काही आगी मूठभर काटक्यांच्या, रोज थोडी वाढवत. पहिल्याच रात्री पाहुण्यांसमोर ओंडके रचले तर अस्तराला तडे जातील.

खर्च मागताना एकच रक्कम घेऊ नका. धुराडं, भट्टी आणि समोरचा भाग असे तीन वेगळे आकडे लिहून मागा. समोरच्या भागाचा आकडा पहिल्या दोन मिळून होणाऱ्या बेरजेपेक्षा मोठा आला तर काय वगळलं गेलंय ते विचारा. आणि समोरच्या कट्ट्याकडे बघायला विसरू नका. जमिनीवर लाकडी फ्लोअरिंग किंवा गालिचा असेल तर तोंडापुढे निदान सोळा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ इंच न जळणारी फरशी हवी. तोंड मोठं असेल तर वीस आणि बारा.

धुराडं किती दिवसांनी साफ करायचं?

वर्षातून एकदा तपासायचं, थंडी सुरू होण्याआधी. आतल्या थरावर खिळ्याने ओरखडा काढा. तीन मिलिमीटर जाडी भरली की झाडायची वेळ झाली. भुसभुशीत काजळी ब्रशने निघते. काळा, चकचकीत, वाळलेल्या डांबरासारखा थर असेल तर तो ब्रशला दाद देत नाही आणि एकदा पेटला की धुराडं घोंघावायला लागतं. तसं झालंच तर दार-डॅम्पर लावून हवा तोडा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. तापलेल्या धुराड्यात वरून पाणी ओतू नका, विटा फुटतात.

राख गुलाबांना घालू का?

चिमूटभर कंपोस्टमध्ये मिसळून ठीक. नाशिकची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी आहे आणि लाकडाची राखही तशीच, त्यामुळे आळ्यात थेट ओतली तर पानं पिवळी पडतात. भांडी घासायला कुणी मागितली तर आनंदाने द्या. फक्त भट्टीतून काढल्यावर ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, फरशीवर दोन-तीन दिवस ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा तेवढे दिवस जिवंत राहू शकतो, आणि प्लॅस्टिकच्या कचरापेटीला तो एक पुरतो.